पिल्लू घरी कधी आणावं? आठवडे मोजा, पावसाळाही मोजा

गोव्यात कुत्र्याचं पिल्लू मिळायला कष्ट पडत नाहीत. दिवाळी झाली की महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या वाड्यावर, देवळाच्या अग्रशाळेमागे किंवा मासळीबाजाराच्या कडेला व्यालेली कुत्री दिसतेच. जातिवंत पिल्लू हवं असेल तर कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून फोटो यायला तासभरही लागत नाही. कष्ट पडतात ते थांबायला. "पात्रांव, चाळीस दिवसांचं झालं, आपल्या आपण खातं, आता न्या," असं समोरचा म्हणतो, पोरं मागे लागलेली असतात, आणि पिल्लू त्याच संध्याकाळी घरी येतं.

आधी सरळ उत्तर. पिल्लू ८ आठवड्यांचं, म्हणजे ५६ दिवसांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नये. सर्वसाधारण पिल्लासाठी ८ ते १० आठवडे हे वय उत्तम. चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्कीसारख्या अगदी लहान जातींचं पिल्लू १० ते १२ आठवड्यांचं झाल्यावरच घ्यावं, कारण त्यांच्या अंगात साखरेचा साठा फार कमी असतो आणि प्रवासात एक-दोन वेळचं खाणं चुकलं तरी ती लुळी पडतात. पण गोव्यात राहणाऱ्याने हिशेब इथेच सोडू नये. जन्मापासून ८ आठवडे मोजायचे, तसेच पुढे १६ आठवडे, म्हणजे लसी पुऱ्या होण्याचं वय, कधी भरतात तेही मोजायचं, आणि ती तारीख पावसाच्या कुठल्या बाजूला पडते ते बघायचं.

आठ आठवड्यांच्या आत काय चाललेलं असतं

पिल्लाचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर आठवडाभरात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात, आणि आईला ते टोचू लागले की ती दूध पाजताना उठून जायला लागते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्लू मऊ अन्न चाटू लागतं. विकणारा "खातं" म्हणतो ते हेच. पण खाता येणं आणि तोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं दिवसभर एकमेकांना चावत असतात. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईच्या आचळाला दात लावला की ती गुरगुरते, कधी तोंडाने पिल्लाला खाली दाबते. दात किती जोराने लावायचा हे पिल्लू इथे शिकतं. चौथ्या आठवड्यात उचलून आणलेलं पिल्लू हे सगळं तुमच्या मुलांच्या पोटऱ्यांवर शिकतं, आणि तुम्हाला त्याच्या आईसारखं गुरगुरता येत नाही. २०११ साली इटलीतल्या संशोधकांनी १४० मोठ्या कुत्र्यांची तुलना केली होती. निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांनंतर. पहिल्या गटात भित्रेपणा, अति भुंकणं, वस्तू फाडणं, खाण्यावरून आणि खेळण्यांवरून अंगावर येणं हे सगळं ठळकपणे जास्त दिसलं.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६०च्या कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले. त्यांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हे त्याला गोड शब्दांत विचारा. जो उत्तर टाळतो त्याच्याकडचं पिल्लू कितीही गोंडस असो, दुसरीकडे बघा.

आठ आठवडे ठीक, मग चार महिने का नकोत? कारण उलट्या बाजूलाही एक दार मिटत असतं. साधारण ३ ते १२-१४ आठवडे या काळात पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला जगाचा साधा भाग वाटतं. त्यानंतर भेटणाऱ्या नव्या गोष्टीकडे ते संशयाने बघायला लागतं. पैदास करणाऱ्याच्या पिंजऱ्यात चार महिने काढलेलं पिल्लू तब्येतीने चांगलं असलं तरी स्कूटर, छत्री, झाडू आणि दाढीवाला पाहुणा या सगळ्यांना घाबरू शकतं. माझ्या मते गोव्यातल्या घरांत भित्र्या कुत्र्यांचं प्रमाण वाढतंय त्यात दोन्ही टोकांचा हात आहे: काही फार लवकर उचललेली, काही फार उशिरा पिंजऱ्याबाहेर आलेली.

वय सांगितलं त्यावर जाऊ नका, तोंड उघडून बघा

जन्मतारीख लेखी मिळाली तर उत्तमच, पण ती लिहिणारा माणूस विकणाराच असतो. म्हणून दात बघा. ओठ वर करून पुढचे छोटे दात आणि सुळे पूर्ण आलेत का, मागचे दुधाच्या दाढांचे तिन्ही दात दोन्ही बाजूंना वर निघालेत का. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात जवळजवळ पूर्ण असतात. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील आणि विकणारा "दोन महिन्यांचं" म्हणत असेल, तर ते दोन महिन्यांचं नाही. उलट पुढचे बारीक दात पडायला लागलेत आणि जागी रुंद पांढरे दात डोकावतायत, तर ते चारेक महिन्यांचं आहे.

चालही बघा. पाच आठवड्यांचं पिल्लू धावताना मागचा भाग डोलवतं, पोट जमिनीला टेकतं. आठ आठवड्यांचं नीट पळतं, वळतं, पायरीशी येऊन विचार करतं. डोळे अजून गढूळ निळसर असतील तर थांबा. पोट फुगलेलं आणि अंग काटकुळं असेल तर बहुधा जंत आहेत. ते बरे होतात, पण आजवर जंताचं औषध दिलेलंच नाही असा त्याचा अर्थ असतो.

भाद्रपद, मार्गशीर्ष आणि जून

आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचं कॅलेंडर सगळ्यांना ठाऊक आहे. भाद्रपद-आश्विनात धुमाकूळ, त्यानंतर सुमारे ६३ दिवसांनी पिल्लं, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात. ही पिल्लं आठ आठवड्यांची होतात पौष-माघात, आणि १६ आठवड्यांची फाल्गुन-चैत्रात. गोव्यासाठी यापेक्षा सोयीचा हिशेब कोणी बसवून दिला नसता. कोरडी हवा, रात्री बऱ्यापैकी थंड, आणि लसींची पहिली फेरी पाऊस लागायच्या दोन महिने आधी पुरी.

उदाहरण घ्या. पिल्लू २० नोव्हेंबरला जन्मलं. आठ आठवडे भरतात १५ जानेवारीला, तेव्हा ते घरी येतं. १२ आठवडे १२ फेब्रुवारीला, तेव्हा रेबीजची लस. १६ आठवडे १२ मार्चला, तेव्हा पिल्लांच्या मालिकेतला शेवटचा डोस. मग एप्रिल-मेमध्ये ते रस्त्यावर, शेतात, समुद्रावर हवं तसं फिरू शकतं, आणि जूनचा पहिला गडगडाट ऐकतं तेव्हा साडेसहा महिन्यांचं असतं.

आता तेच मे अखेरीस आणलेल्या पिल्लाचं बघा. लसी अर्ध्यावर असताना जून लागतो. अंगणात तळं साचतं, उंदरांचं मूत त्या पाण्यात मिसळतं, लेप्टोस्पायरोसिस त्याच पाण्यातून येतो आणि माणसालाही होतो. घाटमाथ्याकडचा पाऊस सुरू असताना शी-शू बाहेर शिकवायची कशी? पिल्लू ओल्या गवतात पाय टाकत नाही, उंबऱ्यावर बसून राहतं आणि शेवटी पायपुसण्यावर करतं. पावसाळ्यात पिल्लू आणूच नये असं नाही. जातिवंत पिल्लं वर्षभर जन्मतात आणि रस्त्यावरचं एखादं पावसातच सापडतं. पण निवड तुमच्या हातात असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा. जूनमध्येच येणार असेल तर गाडीखान्यात किंवा पडवीत पत्र्याखाली कोरड्या मातीचा आणि वर्तमानपत्रांचा एक कोपरा आधीच ठरवा, आणि लेप्टोच्या दोन डोसांची तारीख डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत घ्या.

चवथ (गणेशचतुर्थी) आणि नरकासुर (दिवाळीची आदली रात्र) हेही तारखांत धरा. चवथीला बहुतेक घरं पाहुण्यांनी भरलेली, फटाके सुरू, आणि सगळे गावच्या घरी गेलेले. नरकासुराच्या रात्री तर पहाटेपर्यंत स्पीकर थांबत नाहीत. आठ ते दहा आठवड्यांचं वय तसंही हळवं असतं. या दिवसांत एकदा जबर घाबरलेलं पिल्लू ती भीती वर्षानुवर्षं धरून ठेवू शकतं. सण झाल्यावर आणा.

ठरवण्याआधी काय विचारायचं

फोनवर चार गोष्टी: जन्मतारीख, आई बघता येईल का, जंताचं औषध कधी कधी दिलं, आणि सध्या खायला काय देता. दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध हा नियम आहे, दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत, कारण गोलकृमी आईच्या पोटातूनच आणि अंकुशकृमी तिच्या दुधातून पिल्लात येतात. आईला बघणं महत्त्वाचं. ती माणसं दिसताच कोपऱ्यात लपत असेल किंवा अंगावर येत असेल तर पिल्लांना तेच बाळकडू मिळालंय. "आई दुसरीकडे आहे" हे उत्तर मी ऐकूनच घेत नाही.

लस दिली असेल तर पुस्तिकेवर बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. कागदाच्या चिठोऱ्यावर "वॅक्सिन डन" लिहिलेलं असेल तर लस झाली नाही असंच समजा. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही.

वाड्यावरच्या कुत्रीची पिल्लं घ्यायची असतील तर आणखी सोपं आहे. पिल्लू निवडून ठेवा, पण लगेच नेऊ नका. तोवर आईला खायला घाला: भात, मासळीचं काटे काढलेलं मांस, अंडं, भरपूर पाणी. दूध पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुपटीहून जास्त अन्न लागतं, आणि आई धडधाकट असली की पिल्लं आपोआप गुटगुटीत होतात. रोज जाऊन पाच-दहा मिनिटं पिल्लांना हातात घ्या. पिल्लं सुटली की आईच्या निर्बीजीकरणासाठी जवळच्या प्राणी कल्याण संस्थेशी बोला. असगाव, कुडचडे अशा ठिकाणी अशा संस्था काम करतात.

आणि एक गोष्ट सगळ्याच्या आधी विचारायची, ती स्वतःला. तुमच्या अंगणात गेल्या वर्षभरात एखादं कुत्रं रक्ताचे जुलाब होऊन गेलं का? तो बहुधा पार्वो असतो आणि त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फरशी ब्लीचच्या पाण्याने धुता येते, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी आणि दहा मिनिटं ओलं ठेवून, पण चिऱ्याचं अंगण आणि पोरसाची (परसबागेची) माती कशी धुणार? अशा घरी आठ आठवड्यांचं पिल्लू नको. १६ आठवडे झालेलं, सगळ्या लसी पुऱ्या असलेलं आणा.

लसी, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला जग कसं दाखवायचं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. पहिल्या दुधातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं: कुणात सहाव्या आठवड्यात, कुणात सोळाव्या. म्हणून एक डोस देऊन चालत नाही. पार्वो, डिस्टेंपर, हिपॅटायटिसची लस ६ ते ८ आठवड्यांना सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे पुरे झाल्यावर, अशी मालिका असते. "दोन इंजेक्शनं झाली, संपलं" असं कोणी म्हणालं तर शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला ते मोजा. बाजारात सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन नावाने मिळणाऱ्या लशींत लेप्टोही असतो; गोव्यात तो हवाच, दरवर्षी.

रेबीजची लस १२ आठवड्यांना. मिशन रेबीज ही संस्था आणि पशुसंवर्धन खातं यांच्या कामामुळे गोव्यातला कुत्र्यांचा रेबीज फार घटला आहे. जाळी घेऊन गावोगाव फिरणारी त्यांची माणसं तुम्ही पाहिली असतील. पण त्या मोहिमेत तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला सुई मिळाली असली तरी १२ आठवडे झाल्यावर डॉक्टरांकडून पुन्हा घ्या. आणि लस न झालेलं अनोळखी पिल्लू चावलं किंवा ओरखडलं, तर लहान म्हणून सोडू नका. पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि आरोग्य केंद्रात जा.

आता पेच असा की लसी पुऱ्या होतात १६व्या आठवड्यात, आणि ओळखीचं दार मिटतं १२-१४व्या आठवड्यात. सगळं संपेपर्यंत घरात कोंडलं तर पिल्लू निरोगी पण घाबरट होतं. तोडगा आहे: पहिली लस आणि जंताचं औषध देऊन आठवडा झाला की पिल्लाला कडेवर घेऊन किंवा टोपलीत ठेवून बाहेर न्या, फक्त जमिनीवर सोडू नका. बलकांवावर (दारापुढच्या ओसरीवर) मांडीत घेऊन बसलात तरी अर्धं काम होतं. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, मासळीवालीची हाक, बसच्या कंडक्टरची शिटी, शाळा सुटल्यावरची पोरं, गणवेशातला पोस्टमन, देवळातली घंटा. रोज एखाद-दोन नव्या गोष्टी, लांबून, हातात खाऊ देत. फाल्गुनात शिगम्याचे ढोल सुरू झाले तर दोन गल्ल्या सोडून उभे राहा आणि पिल्लू कान पाडू लागलं की परत फिरा. लसी झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याशी भेट चालते. समुद्रकिनारा, मासळीबाजार, कचराकुंडीची जागा आणि कुत्र्यांचा घोळका १६ आठवड्यांपर्यंत वर्ज्य.

गोचीड गोव्यात बारमाही आहे आणि तिच्यातून येणारा ताप पिल्लू मारू शकतो. गोळ्या बहुतेक ८ आठवड्यांनंतर आणि ठराविक वजनानंतरच चालतात, म्हणून वजन करून डॉक्टरांनाच विचारा. बागायतीतलं कीटकनाशक पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालणारी माणसं अजून आहेत. कृपया नको.

आणण्याचा दिवस आणि पुढचा आठवडा

सकाळी आणा. दिवसभर घर हुंगून झालं की रात्र सोपी जाते. आईच्या अंगाला पुसलेला एक टॉवेल बरोबर घ्या. निघायच्या दोन-तीन तास आधी खायला देऊ नका. चोर्ला, अनमोड, आंबोली, कुठलाही घाट असो, भरल्या पोटी ओकणार. चारचाकीत, मांडीवर किंवा खोक्यात. स्कूटरच्या डिकीत पिल्लू आणताना पाहिलंय, त्यावर काही लिहीत नाही.

घरी आल्यावर आधी शू करायची जागा, मग पाणी, मग त्याचा कोपरा. शेजारपाजारची मुलं दोन दिवस थांबू शकतात. रात्री खोकं तुमच्या खाटेशेजारी ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपणारं पिल्लू बाहेरच्या पडवीत रडणारच. सत्तरी, धारबांदोडा, काणकोणकडे तर बाहेर ठेवण्याचा प्रश्नच नाही, बिबट्याला कुत्रं आवडतं.

खाणं आठवडाभर तेच ठेवा जे तिथे देत होते, मग हळूहळू बदला. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. उकड्या तांदळाची पेज आणि वर बांगड्याचं पाणी यावर गावठी कुत्री जगतात हे खरं, पण वाढत्या हाडांना त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं पुरत नाहीत. पिल्लांचं तयार अन्न किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेलं घरचं अन्न द्या. शिजलेली कोंबडीची हाडं, मासळीचे काटे, कांदा-लसूण, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट नको. काजूच्या दिवसांत अंगणात वाळत घातलेल्या कच्च्या बिया पिल्लाच्या तोंडापासून दूर. टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं.

झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की दर वेळी बाहेर न्या. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडे धरू शकत नाही, म्हणून दोघंही दिवसभर कामाला जात असाल तर पहिले पंधरा दिवस कोणीतरी रजा घ्या. दोन-तीन दिवसांत पशुवैद्याकडे. पणजीत टोंकला आणि मडगावात सोनसड्याला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे; गावाकडे तालुक्याचा दवाखाना. तिथे पिल्लू जमिनीवर ठेवू नका, मांडीवरच धरा. आजारी कुत्री तिथेच येतात.

आई नसलेलं पिल्लू

नियम मोडण्याची एकच रास्त वेळ. आई गाडीखाली गेली, पिल्लं तीन आठवड्यांची आहेत. तर आठ आठवड्यांची वाट बघू नका, पण जमलं तर भावंडं एकत्र ठेवा, निदान दोन. गाईचं दूध बहुतेकांना जुलाब लावतं. पिल्लांची दूध पावडर औषधाच्या दुकानात किंवा पशुवैद्याकडे मिळते. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, आणि ते गार पडलेलं असेल तर आधी ऊब, मग दूध. तीन आठवड्यांहून लहान असेल तर प्रत्येक वेळी ओल्या कापसाने शू-शीची जागा पुसावी लागते, नाहीतर ती होतच नाही. सहाव्या आठवड्यानंतर शांत स्वभावाच्या, लस झालेल्या मोठ्या कुत्रीबरोबर रोज थोडा वेळ राहू द्या. आईने शिकवायचं राहिलं ते बरंचसं अशी कुत्री शिकवते, आणि तेही फुकट.